कमानीखालून गेलेला ट्रक

१. पालथी पाटी

ऑर्चर्ड फॉल्स या शहरात ऑर्चर्ड नाही आणि फॉल्सही नाही. ओहायोत नावं फारशी कुणी मनावर घेत नाही. चायनाटाउन मात्र आहे, म्हणजे एक बेकरी, एक नूडल्सचं दुकान, सुया टोचून पाठदुखी घालवणारा एक डॉक्टर आणि चिनी मंडळाचा हॉल. या चौघांच्या तोंडाशी, फोर्थ स्ट्रीटवर, दोन मजली उंचीची कमान उभी आहे. लाल खांब, हिरवी कौलं, पायथ्याशी दोन दगडी सिंह. ती बघून माणसाला वाटतं, आत काहीतरी प्रचंड असणार. आत मुख्यतः पार्किंग आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी या कमानीची पाटी रस्त्यात पालथी पडलेली सापडली. जाड लाकडाची, सोनेरी चिनी अक्षरांची पाटी. अक्षरांचा अर्थ होता 'चार समुद्र, एक घर'. आता समुद्र एका तुकड्यावर होते आणि घर दुसऱ्यावर.

गुन्हेगार शोधायला पोलिसांना नाश्त्याइतकाही वेळ लागला नाही. आदल्या दुपारी महाराष्ट्र मंडळाची विसर्जन मिरवणूक याच कमानीखालून गेली होती. मंडळाला स्वतःची जागा नाही, त्यामुळे बाप्पा दरवर्षी चिनी मंडळाच्या हॉलमध्ये बसतात आणि मग ट्रकवरून नदीकडे जातात. म्हणजे नदीकाठच्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या प्लास्टिकच्या हौदाकडे, कारण नदीत काही सोडायचं तर परवानगी लागते. बेकरीच्या कॅमेऱ्यात ट्रक दिसत होता. ट्रकवर उंच मखर दिसत होतं. ट्रक कमानीखाली क्षणभर थांबलेलाही दिसत होता. कमानीचा वरचा भाग कॅमेऱ्यात येत नव्हता, पण धडकेने पाटी सैल झाली आणि रात्रीतून पडली, एवढी कल्पना पोलिसांनी स्वतः केली. त्यांनी बेकरीवालीकडे ट्रकचं रेकॉर्डिंग मागितलं, तिने तेवढंच दिलं. पुढचं-मागचं रेकॉर्डिंग कुणी मागितलं नाही आणि तिनेही आपणहून दिलं नाही.

ट्रक चालवत होता ईशान टेंभुर्णे. नागपूरचा, हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरवर कॉन्ट्रॅक्टने काम करणारा. मंडळात प्रत्येक कामासाठी एक समिती असते आणि प्रत्येक समितीचं काम ईशान करतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. पोलिसांनी त्याच्यावर ठपका ठेवला की मालमत्तेला धडक देऊन, न कळवता तो निघून गेला.

सोमवारी संध्याकाळी तो प्रतिमा हिर्लेकरांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. प्रतिमा गाड्यांच्या विम्याच्या कंपनीत क्लेम तपासते. गेली कित्येक वर्षं तिचं काम म्हणजे पोचे आणि ओरखडे बघून कोण खोटं बोलतंय ते ठरवणं. यामुळे तिला ओळखतात सगळे, घरी फारसं कुणी बोलावत नाही.

ईशानने परिस्थिती सांगितली. कोर्ट शुक्रवारी होतं. दंड किरकोळ होता. पण नाव रेकॉर्डवर आलं की कॉन्ट्रॅक्ट जाणार आणि त्याच्यामागून व्हिसा; हल्ली तर याहून कमी कारणावरून व्हिसे रद्द होत होते. त्याची बायको नेत्रा नागपुरात इकडे यायच्या तारखेची वाट पाहत होती. त्याचाच व्हिसा गेला तर तिचा प्रश्न एकदम सुटणार होता.

"काकू, मला लागल्याचं आठवतच नाही," तो म्हणाला. "पण सगळेच म्हणून राहिले की लागलं. इतके लोक म्हणतात म्हटल्यावर असेलही. तुम्ही फक्त एवढं पाहून सांगा ना. मी केलं का नाही?"

प्रतिमाने त्याला जेवूनच जा म्हटलं. तो हो म्हणाला.

२. मागची बाजू

मंगळवारी दुपारी ती कमानीपाशी गेली तेव्हा चिनी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर लाऊ तिथेच उभे होते. शहरातल्या हायस्कूलमध्ये जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. अजूनही टाय बांधतात. शनिवारीच दोघांचं बोलणं झालं होतं. गुरुजींनी उत्तरपूजा करून गणपतीची मूर्ती जागेवरून किंचित सरकवली, तेव्हा हॉलच्या मागच्या भिंतीशी उभ्या लाऊंनी तिला विचारलं होतं, हे कशाला? तिने सांगितलं होतं, हा निरोप. देवाला आता जा म्हणायचं. मग उरते ती माती, ती पाण्यात सोडायला हरकत नाही. लाऊंनी बराच वेळ मान हलवली होती.

आज तिने कमानीबद्दल विचारलं. लाऊ शिक्षक होते. विचारलं की ते थांबत नसत. पूर्वी चीनमध्ये अशी कमान उभारायची तर बादशहाची परवानगी लागायची, आणि ती कुणासाठी, तर परीक्षेत पहिला आलेल्यासाठी, गावासाठी मेलेल्यासाठी, किंवा नवरा गेल्यावर आयुष्यभर तशीच राहिलेल्या बाईसाठी. थोडक्यात, कमान हवी तर माणसाला आधी अभ्यास करावा लागे किंवा मरावं लागे. अमेरिकेत ते काम पर्यटन विभागाने सोपं केलं. जेवायला कुठे वळायचं हे लोकांना कळावं म्हणून शहराने चाळीसेक वर्षांपूर्वी ही कमान उभारू दिली. त्या दिवशी लाऊंच्या वडिलांनी सिंहांच्या डोळ्यांत रंग भरून त्यांना जागं केलं, आणि मेयरने फीत कापली. पेपरात फोटो मेयरचा आला.

"हिला दार नाही, हे कधी लक्षात आलंय तुमच्या?" लाऊ म्हणाले. "दार अडवायला असतं. ही कुणाला अडवत नाही. नुसती सांगते, इथून पुढे कुणीतरी राहतं."

मग त्यांनी तिला कमानीखालून आत नेलं आणि मागे वळून वर बघायला सांगितलं. आतल्या बाजूलाही एक पाटी होती. बाहेरची येणाऱ्यांसाठी, आतली जाणाऱ्यांसाठी: 'जाता-येता सुखरूप'. इतकी वर्षं या कमानीखालून जाऊन प्रतिमाने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आतली पाटी जागच्या जागी होती. तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

ट्रक आतून बाहेर गेला होता. आणि परत येताना तो या रस्त्याने आलाच नव्हता. हौदापासून थेट भाड्याच्या यार्डात गेला होता. आतून येणारा ट्रक आधी आतल्या पाटीला लागायला हवा. आतली पाटी शाबूत, आणि बाहेरची रस्त्यावर.

"ही वाचली," प्रतिमा म्हणाली.

"हो," लाऊ म्हणाले. "वाचली." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, त्या मुलाला दंड मोठा होईल का? दंड किरकोळ आहे, असं ती म्हणाली आणि व्हिसाचं सांगणार तेवढ्यात डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई हात पुढे करून मध्ये आली. लाऊंचा चेहरा सैल झाला होता. ते प्रतिमाला दिसलं, पण त्या क्षणी तिने ते वयाच्या खात्यावर टाकलं.

हेल्मेटवाली बाई डेनिस हॉफमन, शहराच्या विकास खात्यातली. नव्या स्टेडियमकडे जाणाऱ्या बसना वेगळी लेन हवी होती आणि लेनच्या मध्ये कमान होती. ऑक्टोबरात ती काढून शहराच्या यार्डात सुरक्षित ठेवायची आणि मग नव्या प्लाझात सन्मानाने उभी करायची, असं ठरलेलं होतं. मात्र कराराप्रमाणे चिनी मंडळाने तोवर कमानीला हात लावायचा नव्हता. लावला तर पुन्हा उभारण्याचं वचन रद्द. डेनिसने तुकड्यांकडे पाहून वाईट वाटल्याचं सांगितलं. एका परीने बरंच झालं, असंही सांगितलं, कारण आता ट्रकच्या विम्यातून कोरी करकरीत पाटी येईल.

म्हणजे शहराचं बरं झालं. चिनी मंडळाला नवी पाटी. पोलिसांची फाइल पूर्ण. प्रतिमा ज्या धंद्यात आहे तिथे असं मानतात की ज्या अपघाताने सगळ्यांचंच भलं होतं, त्याला अपघात म्हणण्यापूर्वी जरा थांबावं.

३. कळस

मखर मंडळाचे अध्यक्ष राजेश बोंद्रे यांच्या गराजमध्ये होतं. राजेश घरं विकतो. बुधवारी प्रतिमा गेली तेव्हा त्याने गराज अशा रीतीने उघडलं की जणू ती विकत घ्यायला आलीय.

मखर मंदिराच्या आकाराचं होतं, आणि त्याच्या टोकाला थर्माकोलचा कळस. प्रतिमा स्टुलावर चढली. कळसाला सोनेरी कागद चिकटवलेला होता, आणि तो कागद कुठेही चुरगळलेला नव्हता. तिने बोटाने जरा दाबलं. खळगा पडला.

"अहो ताई, पुढच्या वर्षी वापरायचंय ते," राजेश म्हणाला.

"म्हणजे थर्माकोलने दोन माणसांना न उचलवणारी पाटी पाडली, आणि स्वतःचा कागदसुद्धा फाटू दिला नाही."

राजेशने हादऱ्याची शक्यता मांडली. ढोल-ताशा होता ना, जोरात होता. प्रतिमाने मग गुन्हा ढोलावर नोंदवायला सुचवलं. ट्रक कमानीखाली का थांबला, तेही तिने विचारलं. तो राजेशच्या सांगण्यावरून थांबला होता. त्याला कमान, मखर आणि बाप्पा एकत्र येतील असा फोटो हवा होता: दोन संस्कृतींचा संगम. त्याने फोटो दाखवला. फोटोत कमान नव्हती, मखर नव्हतं, बाप्पाचा एक कान होता. बाकी राजेश होता.

"तुला माहीत होतं," प्रतिमा म्हणाली. "रविवारी मखर उतरवलंस तेव्हाच तुला दिसलं असणार."

राजेशने गराजचं दार अर्धं खाली ओढलं. आवाजही.

"ताई, जरा प्रॅक्टिकल व्हा. पाटी विम्यातून येतेय. लाऊ खूश आहेत. पुढच्या वर्षी हॉल हवाय की नको? या भावात दुसरा हॉल दाखवा मला. आणि ईशानचं मी बघतोय ना, वकील मीच लावून दिलीय. चांगली बाई आहे. तिला म्हटलं, उगाच ताणू नका, लवकरात लवकर मिटवा."

प्रतिमाने त्याला व्हिसाचं विचारलं. राजेश म्हणाला, व्हिसाचं काही होत नाही हो, सगळे उगाच घाबरवतात. राजेश अमेरिकन नागरिक आहे.

ती गाडीत बसली. ट्रकने पाटी पाडली नव्हती, हे आता नक्की होतं. पण कोर्टात 'याने केलं नाही' एवढं पुरत नाही. तिथे लगेच विचारतात, मग कुणी केलं?

४. फेटे

मंडळाच्या स्वच्छता समितीच्या प्रमुख सीमा परचुरे. त्या एवढ्या एका पदासाठी दरवर्षी निवडणूक लढवतात, आणि दरवर्षी बिनविरोध येतात. मिरवणुकीनंतर रस्त्यावर झेंडूची एक पाकळीसुद्धा राहता कामा नये, नाहीतर 'हे इंडियन लोक' असं कुणीतरी म्हणेल, या भीतीवर त्यांचं सगळं सामाजिक कार्य उभं आहे. गुरुवारी सकाळी प्रतिमाने त्यांना फोन न करता गाठलं, कारण फोनवर सीमा आधी तब्येतीचं सांगतात.

रविवारी उजाडल्या उजाडल्या सीमा खराटा घेऊन कमानीपाशी हजर होत्या. पाटी तेव्हा पडलेलीच होती. ते बघून त्यांना एकच सुचलं, ते म्हणजे पाटीला हात न लावता आजूबाजूचं चकाचक करणं.

"गुलाल, फुलं, अगरबत्तीच्या काड्या, सगळं भरलं," सीमा म्हणाल्या. "आणि ते फेटे काढले."

"कुठले फेटे?"

"अगं, आपल्या पोरांचा चावटपणा. सिंहांना फेटे बांधले होते. तेही धड डोक्याला नाही, डोळ्यांवर. म्हटलं, चिनी लोकांनी बघितलं तर म्हणतील काय. त्यांचे देवबिव असतात ना ते. गाठी इतक्या पक्क्या होत्या की माझं नख तुटलं."

कचरा शुक्रवारी जातो, म्हणून पिशव्या अजून मागच्या अंगणात होत्या. प्रतिमाने तिथेच पिशवी उपडी केली. सीमांनी डोळे मिटून घेतले. कोमेजलेल्या झेंडूंतून दोन लांब, लाल कापडाच्या पट्ट्या निघाल्या. चांगलं कापड होतं, कडा दुमडून शिवलेल्या.

"सीमाताई, मिरवणुकीत आपल्याकडे कापड कुठलं होतं?"

"भगवं. मीच आणलं, न्यू जर्सीहून." सीमा बोलता बोलता थांबल्या. "लाल नव्हतंच की आपल्याकडे."

"आणि अगरबत्ती? ट्रकवर कुणी लावली होती?"

कुणीच नाही. ट्रक भाड्याचा, विस्तव चालणार नाही असं करारात लिहिलेलं.

प्रतिमा अंगणातल्या खुर्चीवर बसली. पोरांनी गंमत म्हणून बांधलं असतं, तर कडा शिवून कुणी आणल्या नसत्या. कुणीतरी आधी सिंहांचे डोळे झाकले होते. ज्यांना कधीकाळी रंग भरून जागं केलं होतं, त्यांना पुढचं दिसू नये म्हणून. उदबत्ती लावली होती. मग पाटी उतरवायला घेतली होती. हा अपघात नव्हता आणि मोडतोडही नव्हती. ज्याला ती कमान नुसतं लाकूड वाटत नव्हती, असा कुणीतरी तिला रीतसर निरोप देत होता.

आणि निरोप कसा देतात, हे तिनेच शनिवारी एका माणसाला उभ्या उभ्या समजावून सांगितलं होतं.

५. भूमिती

चिनी मंडळाच्या हॉलमध्ये दुपारी लाऊ एकटेच होते. प्रतिमाने टेबलावर दोन्ही पट्ट्या ठेवल्या. लाऊंनी त्या हातात घेतल्या, सरळ केल्या, मग घडी घातली.

"कुठे मिळाल्या?"

तिने सीमांबद्दल सांगितलं. लाऊ हसले. त्या हसण्यात आनंदाचा भाग फार थोडा होता.

त्यांनी काही लपवलं नाही. उन्हाळ्यात ते शहराचं यार्ड बघून आले होते, जिथे कमान सुरक्षित ठेवणार होते तिथे. तिथे एक जुनं कारंजं आडवं पडलेलं होतं, पाणी साचून त्यात डास झाले होते. मान तुटलेला एक घोडेस्वार होता. सगळं सुरक्षित होतं, कारण ते चोरायला कुणी येत नव्हतं. लाऊंना वाटलं, कमानीला तिथे जायचंच असेल तर जिवंत जायला नको. मग शनिवारी गुरुजींनी मूर्ती सरकवली आणि त्यांचं ठरलं. त्यांच्याकडेही अशी निरोपाची रीत होती. आपण ती करायची, एवढाच धीर गोळा करायचा राहिला होता. पाटीवर कमानीचं नाव. नाव उतरवलं की उरतं ते लाकूड, ते क्रेनने न्यावं. रविवारी उजाडायच्या आधी ते, सुयांचे डॉक्टर आणि नूडल्सवाले, असे तिघे शिडी आणि दोर घेऊन गेले. तिघांत तरुण कुणीच नव्हतं.

"मी कप्पीचा कोन मोजून ठेवला होता," लाऊ म्हणाले. "भूमिती बरोबर होती. हात म्हातारे होते."

पाटी पडल्यावर तिघं घरी गेले आणि त्यांनी चहा केला. चहा पिऊन पोलिसांना कळवायचं, असं ठरलं. पण परत आले तेव्हा सिंहांच्या डोळ्यांवरचं कापड नाहीसं झालेलं, उदबत्त्यांची राखही नाही, जागा झाडून स्वच्छ, आणि पोलीस दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतायत. डॉक्टर म्हणाले, हा संकेत आहे. वरच्याने झाकून घेतलंय, गप्प राहा. शिवाय मंडळाचा हात लागल्याचं कळलं असतं तर कमान पुन्हा उभी राहिली नसती.

"आम्ही तिघं त्याला वरच्याची इच्छा समजलो," लाऊ म्हणाले, "आणि ती तुमची स्वच्छता समिती होती."

प्रतिमाने मग त्यांना मंगळवारी राहिलेलं वाक्य सांगितलं. दंड किरकोळ आहे, पण नाव रेकॉर्डवर आलं की मुलाचा व्हिसा जातो. त्याची बायको तिकडे तारखेची वाट बघतेय.

लाऊ म्हणाले, "माझे वडील या देशात दुसऱ्याच माणसाचा मुलगा म्हणून आले. कागदावर. मरेपर्यंत दारावर थाप पडली की ते मागच्या खोलीत जात. आणि मला तुम्ही सांगताय, कागद म्हणजे काय असतं." त्यांनी उठून कोट घातला. "चला. कोर्ट उद्या आहे ना? आज वेळ आहे."

गाडीतून प्रतिमाने डेनिसला फोन लावला. कमानही वाचली तर बघावं, एवढाच तिचा उद्देश होता. तिने नुसतं विचारलं, नव्या प्लाझाचं काम कधी सुरू होतंय? डेनिस मोकळेपणाने म्हणाली की प्लाझा असा नाहीये. ते एक संकल्पना-चित्र होतं, लोकांशी संवाद सुरू व्हावा म्हणून काढलेलं. फोन स्पीकरवर होता. लाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या वचनासाठी ते चार दिवस गप्प बसले होते, ते कुणी दिलेलंच नव्हतं.

पोलीस स्टेशनच्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याने लाऊंचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. लाऊंनी त्याला दहावीत भूमिती शिकवली होती. तो उभा राहूनच ऐकत होता. मग त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"सर, यात आता काही उरलेलं नाही," तो म्हणाला. "त्याने गुन्हा कबूल केलाय. काल."

६. खट्

ईशानच्या घराचं दार उघडंच होतं. आत दोन खुर्च्या उरल्या होत्या. टेबल आणि टीव्ही आधीच गेले होते. बाकीच्या वस्तूंचे फोटो त्याने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. त्याने प्रतिमाला न विचारताच चहा ठेवला.

बुधवारी काय झालं, ते त्याने सांगितलं. राजेशदादांचा फोन आला: वकीलबाईंनी खटपट करून तारीख अलीकडे आणलीय, व्हिडिओवरच होईल, हो म्हण आणि मोकळा हो. जजने विचारलं, तू धडक दिलीस? तो हो म्हणाला. अकरा मिनिटं... नाही, तेवढीही लागली नसतील. संध्याकाळपर्यंत कंपनीचा ईमेल आला. बॅकग्राउंड चेकमध्ये नोंद दिसतेय, कॉन्ट्रॅक्ट थांबवतोय, शुभेच्छा. व्हिसा कंपनीच्या नावावर होता.

प्रतिमाने तिथूनच वकीलबाईंना फोन केला. त्या खरंच चांगल्या होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा वाईट वाटतंय म्हटलं. कबुली मागे घेता येते, म्हणाल्या, पण त्यासाठी ईशानला जजसमोर सांगावं लागेल की तो शपथेवर खोटं बोलला. ते निस्तरायला काही महिने जातील. तेवढे महिने त्याला या देशात राहता येणार नाही. आणि शपथेवर खोटं बोललेल्या माणसाला पुढे व्हिसा कोण देणार, हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारला की उत्तराची गरज उरली नाही.

मग प्रतिमाने ईशानला सगळं सांगितलं. शाबूत राहिलेली आतली पाटी, दाबल्यावर खळगा पडणारा कळस, शिवलेल्या कडांचं लाल कापड, शिडीवर चढलेले तीन म्हातारे. लाऊ खाली गाडीत बसून होते. वर येण्याची त्यांची हिंमत होत नव्हती. ईशान सगळं लक्ष देऊन ऐकत होता. ऑफिसात कुणी काम समजावून सांगताना तो असाच ऐकत असणार.

"म्हणजे लागलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही. तू काहीही केलेलं नाहीस."

"पण मला तर आता आठवून राहिलं, काकू. खट् असा आवाज. आधी नव्हता आठवत. सोमवारपासून आठवत बसलो, मग आला. जजलाही सांगितलं मी, आवाज आला होता म्हणून."

"ढोल असेल."

"असेल." त्याने गॅस बंद केला. चहा उतू गेला होता. "नेत्राला काल फोन करून सांगून टाकलं, माझ्याच हातून झालं. ती रडली थोडी. मग म्हणाली, ठीक आहे, चूक होते माणसाच्या हातून, ये परत. बरं वाटलं हो ते ऐकून. काल झोपही लागली." त्याने दोन कपांत चहा गाळला आणि एक तिच्यापुढे ठेवला. "आता तिला काय सांगू?"

प्रतिमाने कप उचलला, पण प्यायली नाही. ईशानचा फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, गादी अजून आहे का?

'हो,' त्याने टाइप केलं. 'आजच न्या.'